पिवळ्या झग्याचं अस्तर

४ नोव्हेंबर

प्रिय ठकू,

तर दूध उतू जायच्या आत मी गॅस बंद केला, बॉबिन भरून घेतली, शिंपी मास्तरांकडचे शर्ट काज करायला काढून ठेवले आणि तुझ्या बाबांना हाक मारली की अंडं गार होतंय. ते आरशासमोर उभे राहून उरलेसुरले केस या कानाकडून त्या कानाकडे नेत होते. मी डबा भरला. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत टॉर्च टाकली, कारण त्यांना तपासायची असतात ती पाण्याची मीटरं नेहमी अंधाऱ्या बोळातच असतात. मग ते दारात आले, मी राखाडी स्वेटर त्यांच्या अंगावर चढवला आणि खालून वर पाचही बटणं लावली. ते म्हणाले, "अगं, ऊन पडलंय." मी म्हटलं, "उन्हावर भरवसा ठेवू नका. दुपारनंतर वारा सुटतो." ते हसले, माझ्या बोटांवर टिचकी मारली आणि जिना उतरून गेले.

मी त्यांच्या बशीतला उरलेला पाव खात होते, तेवढ्यात सायकल दुकानातला माणूस धावत वर आला.

हे तुला लिहायचं नव्हतं. तुझ्या भिंगरीची खुशाली लिहायला बसले आणि हीच सकाळ पहिल्या ओळीत येऊन बसली. दोन वर्षं झाली, तरी ती मध्येच येऊन बसते, पाहुण्यासारखी, आणि उठायचं नाव घेत नाही. मी खाली गेले तेव्हा ते दुकानासमोर पडलेले होते आणि पाचही बटणं लावलेली होती. त्यांना थंडी लागली नाही एवढं समाधान माझ्याकडे आहे. दुसरं फारसं नाही.

आता खुशाली. भिंगरी बरी आहे, खाते-पिते. तू तिला सोडून गेलीस त्या रात्री थोडी रडली, मग शिलाई मशीनच्या पायडलवर बसून तिने ते हलवून पाहिलं आणि झोपली. तू चहासुद्धा उभ्यानेच घेतलास. दोन वर्षांनी दारात आलीस आणि पहिलं वाक्य काय, तर "नियम एकच आहे." माझ्या लक्षात आहे. सकाळी खिडकी उघडायची, तिने हात बाहेर काढायचा, काय वाटतं ते सांगायचं, आणि काय घालायचं ते तिने ठरवायचं. स्वेटर नको म्हणाली तर तो तिच्या पिशवीत टाकायचा आणि आपण तोंड मिटायचं. आजारी असली किंवा बाहेर वादळ असलं तरच मोठ्यांनी ठरवायचं. "हे जमणार असेल तर ठेवते," तू म्हणालीस, "नाहीतर मी शिक्षण सोडते आणि तिला घेऊन जाते. पण तिला मी गुंडाळू देणार नाही."

गुंडाळू. तुझा शब्द.

तर मी नियम पाळते आहे. चार वर्षांचं पोर खिडकीतून हात काढून उभं राहतं, डोळे मिटतं, एखाद्या वैद्यासारखं, आणि मला निकाल देतं: "आज थोडंच गार आहे. मला पिवळा झगा." दररोज पिवळा झगा. बाहेर लोकांच्या तोंडातून वाफा निघताहेत आणि हिला बिनबाह्यांचा सुती झगा. मी तोंड मिटते. आतून दात वाजतात, तिचे नाही, माझे.

तू म्हणालीस की फोनवर आपली भांडणं होतात, काय ते लिहून कळव. बरोबर आहे तुझं. पत्रात निदान एकीचं संपेपर्यंत दुसरी थांबते.

तुझी आई


११ नोव्हेंबर

प्रिय ठकू,

तुझं उत्तर नाही आलं. अभ्यास असेल. रुग्णालयात उभं राहून पाय दुखत असतील. गार फरशीवर अनवाणी... जाऊ दे.

मला जमलं बघ! परवापासून मी भिंगरीला स्वेटरचं नावही काढलेलं नाही. ती हात बाहेर काढते, "पिवळा झगा" म्हणते, मी "बरं" म्हणते. बालवाडीच्या बाईंनाही नवल वाटलं. म्हणाल्या, "आजी, पहिल्या दिवशी तुम्ही फाटकाशी स्वेटर घेऊन अर्धा तास उभ्या होतात. आता अगदी निवांत दिसता." मी म्हटलं, "सवय होते बाई माणसाला."

तिला थंडी वाजत नाही आता. गाल चांगले लाल असतात.

तुझं म्हणणं मला पटत चाललंय असं समज. मी वाचणारीही बाई आहे, नुसती शिवणारी नाही. तुला आठवतं ना, मास्तरांकडचे कागदी नमुने जुन्या वर्तमानपत्रांचे कापलेले असायचे? मी त्यावरच वाचायला शिकले. तिसरीनंतर शाळा सुटली ती सुटली, पण बातमीचा अर्धा भाग बाहीत आणि अर्धा पाठीत, मधलं आपण जुळवायचं. त्यामुळे मला न लिहिलेलंही वाचता येतं. तू दारात जे बोलली नाहीस तेही मी वाचलंय.

वाचनालयातून हवामानावरचं एक पुस्तक आणलंय. ढगांची चित्रं आहेत. भिंगरी म्हणते, "हा ढग लठ्ठ आहे." हल्ली तिला सगळंच लठ्ठ दिसतं.

बाकी विशेष नाही. पिवळ्या झग्याची शिलाई काखेत सैल झाली होती, ती नीट करून घेतली. मास्तरांनी थोडं फ्लॅनेल दिलं, उशीच्या खोळीला होईल म्हणून. मास्तर विचारत होते, "लेक कशी आहे?" मी म्हटलं, छान आहे.

परवा भिंगरीने मला विचारलं, "आजी, तू रोज हा राखाडी स्वेटर का घालतेस?" मी म्हटलं, "तुझ्या आजोबांचा आहे." "पण तुला उकडत नाही?" मशीनवर बसलं की पाठीवर ऊन येतं खरं. मला काही वाटत नाही. ती म्हणाली, "तू हात बाहेर काढलाच नाहीस. तुला कसं कळणार?"

तुझ्यासारखीच उचलली जीभ की लावली टाळ्याला.

तुझी आई


१९ नोव्हेंबर

ठकू,

एक विचारायचं होतं. सहज. एखादं मूल खिडकीतून हात बाहेर काढायचंच बंद झालं तर काय करायचं? तुझ्या अभ्यासाच्या पुस्तकात काही लिहिलंय का?

बाईंनी गुरुवारी मला बोलावून घेतलं होतं. भिंगरीने खेळताना अंगणात कपडे काढून टाकले आणि चड्डीवर पळत सुटली. पोरं हसली. बाईही हसल्या म्हणे, मग घाबरल्या. काही झालं नाही. सर्दी नाही, खोकला नाही. पोरं कधीकधी करतात असं.

मी तिला रागावले नाही.

आता ती प्रत्येक कपडा घालायच्या आधी उलटा करून बघते. मोजेसुद्धा. बाहीत हात घालून आतून चाचपते, जशी मी मास्तरांचं काम परत देण्याआधी तपासते. आणि मग खिडकीकडे जातच नाही. माझ्यासमोर दोन्ही हात पसरून उभी राहते, मापाला उभं राहावं तशी. "तूच घाल," म्हणते. "तू काय ठरवलंयस ते घाल." मी म्हटलं, "तुझा झगा?" तर म्हणाली, "काहीपण."

मी तिला स्वेटर घातला. टोपी घातली. बटणं लावली. माझ्या मनासारखं झालं की नाही? सगळ्या गल्लीत तिच्याइतकं उबदार पोर दुसरं नव्हतं. आणि तिला बालवाडीत सोडून घरी आले तर बसवेना. मशीनशी बसले, उठले, भांडी परत धुतली, काजाला चुकीच्या रंगाचा दोरा ओवला आणि सगळा उसवला. मास्तरांचा निरोप आला की शर्ट कुठे आहेत.

उत्तर लवकर दे. किंवा नको देऊस, मी आपलं सहज विचारलं.

आई


२५ नोव्हेंबर

ठकू,

हे पत्र वाचून तू तिला न्यायला येशील. मला माहीत आहे. तरी लिहिते.

काल रविवार होता. तू फोन केलास, मी नेहमीसारखा स्पीकर लावून भिंगरीच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला कान लावला. दर रविवारी लावते. तू तिला विचारलंस, "कपडे कोण ठरवतं?" ती म्हणाली, "मी." तू विचारलंस, "आजी जबरदस्ती करते का?" ती थांबली. मग म्हणाली, "नाही. आजी काहीच करत नाही. पिवळा झगा आपोआप गरम आहे."

मग फोन ठेवून ती आत आली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मी सांगितलं नाही हं. नाहीतर आई मला घेऊन जाईल आणि तू एकटी पडशील."

चार वर्षांचं पोर, ठकू. माझी काळजी घ्यायला खोटं बोललं. आणि किती सफाईने! एकही टाका बाहेरून दिसत नव्हता. कोणाकडून शिकली ते सांगायला नको.

झालं ते असं. पहिले चार दिवस मी तुझा नियम पाळला. पाचव्या दिवशी ती बालवाडीतून आली तेव्हा तिचे हात गार होते. बर्फासारखे नव्हे, नुसते गार, कोणाचेही असतात तसे. पण मला राहवलं नाही. त्या संध्याकाळी ती झोपल्यावर मी पिवळा झगा उसवला आणि आतून फ्लॅनेलचं अस्तर लावलं. पुढे-मागे, घेरालाही. फ्लॅनेल मी पिवळ्यातलंच शोधलं होतं, मास्तरांनी दिलं नव्हतं, मी मागून आणलं होतं. टाके इतके बारीक घातले की मलाच दुसऱ्या दिवशी दिसेनात. आयुष्यात माझ्या हातून याहून चांगलं काम झालेलं नाही.

मला वाटलं, नियमही मोडला नाही आणि पोरही उबेत राहिलं. तिने ठरवलं पिवळा झगा, मी दिला पिवळा झगा. साप मेला, काठीही तुटली नाही.

सकाळी तिने तो घातला आणि पोटावर हात फिरवून म्हणाली, "आजी, माझा झगा लठ्ठ झालाय. त्याने काय खाल्लं?" मी म्हटलं, "धुतल्यावर कापड फुगतं." तिने विश्वास ठेवला. कापडातलं आजीला कळतं, एवढं तिला माहीत होतं. मग ऊन पडलं तरी तिला कळेना की आपल्याला का उकडतंय. आठवडाभर ती खिडकीतून हात बाहेर काढायची, "गार आहे" म्हणायची आणि तासाभरात घामाने भिजायची. तिला वाटलं आपलाच हात चुकतोय. हे मला तिने नंतर सांगितलं. "मला हाताने नीट कळत नाही," म्हणाली.

पाठीवर पुरळ उठलं होतं. तेही मी तुला लिहिलं नाही. अंगणात तिने झगा काढला तो त्यामुळे. बाईंनी तो उलटा करून पाहिला आणि माझ्या हातात देताना म्हणाल्या, "आजी, हात तुमचाच ना?" मी हो म्हटलं. भिंगरी तिथेच उभी होती, बाईंची शाल गुंडाळून. तिने एकदा अस्तराकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. रडली असती तर बरं झालं असतं.

तुझ्या बाबांना नेत होते त्या दिवशी मी तुझ्या मागे शाल घेऊन फिरत होते. "घे, वारा आहे, घे." तू सगळ्यांसमोर ओरडलीस, "आई, बाबा गेलेत आणि तुला माझ्या गळ्याची पडलीय!" आणि दुसऱ्या दिवशी निघून गेलीस. दोन वर्षं मी हेच म्हणत आले की माझं काय चुकलं, वारा तर होता. अजूनही म्हणते, वारा होता. पण ठकू, त्या दिवशी माझ्या हातांना दुसरं काय करायचं ते माहीत नव्हतं. गेलेल्या माणसाला काही घालता येत नाही. उरलेल्याला येतं.

हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. पोरीने माझ्यासाठी खोटं बोलू नये म्हणून लिहिते. तिच्या अंगावरचं हे ओझं काढून घ्यायचं तर दुसरा रस्ता मला दिसत नाही. पुढच्या रविवारी तिला तू विचारलंस तर तिच्या आधी तुला माहीत असायला हवं.

पत्र आत्ताच पेटीत टाकते. उद्यावर ठेवलं तर टाकणार नाही.

आई


३ डिसेंबर

प्रिय ठकू,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, पण तुझ्या हातच्या. "रविवारी येते. भिंगरीलाच विचारते तिला कुठे राहायचंय. ती म्हणेल तसं करू."

बाकी तू मला काहीही बोल, मी ऐकून घेईन. पण हे करू नकोस. झगा कुठला घालायचा हे तिने ठरवावं, तुझं मला पटलं. हात गार पडला तर तिचाच पडेल, तिला कळेल, ती स्वेटर मागेल. पण आई की आजी हे तिला विचारलंस तर ती तुझ्या तोंडाकडे बघेल, माझ्या तोंडाकडे बघेल आणि ज्याचं तोंड जास्त पडलंय त्याच्या बाजूने बोलेल. तिला तेवढं वाचता येतं. हे हवामान आपण केलेलं आहे, त्यात तिने हात घालून बघायचा नाही. नेणार असशील तर तू ठरव आणि ने. तिची पेटी मी भरून ठेवली आहे. पेटीतल्या एकाही कपड्याला अस्तर नाही. बघून घे.

झग्याचं सांगते. तुला पत्र टाकलं त्याच दुपारी मी तिला मशीनशेजारी बसवलं आणि म्हटलं, "मी तुझ्या झग्यात तुला न विचारता अस्तर घातलं. तुझा हात बरोबर होता. झगा खोटा होता." ती म्हणाली, "आणि तू?" मी म्हटलं, "मीपण." ती विचार करून म्हणाली, "मग काढूया."

मी टाका कापायचा आणि तिने दोरा ओढायचा. माझेच टाके, इतके बारीक की संध्याकाळ झाली. ती एकेक दोरा ओढून मोजल्यासारखा बाजूला ठेवायची आणि मध्येच म्हणायची, "किती घातलेस गं!" अस्तर सुटल्यावर तिने ते माझ्या मशीनवर पांघरलं. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाली, "मी तिला विचारलं. तिला थंडी वाजतेय म्हणाली."

दुसऱ्या दिवशी तिने हात बाहेर काढला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी कपडे पलंगावर मांडायचे आणि बाहेर जिन्यात जाऊन उभी राहायचे. आत काय चाललंय ते ऐकायचं नाही असं ठरवून कान देऊन ऐकायचे. जित्याची खोड. काल तिने दार उघडलं तेव्हा अंगात पिवळा झगा, त्यावर लाल स्वेटर उलटा, शिवण बाहेर. म्हणाली, "असा घातला की आतलं बाहेर दिसतं." मी तसंच नेलं. गल्लीतली माणसं बघत होती. बघू देत.

आणि वाटेत एक झालं, ते तुला सांगायचंय, कारण तुझ्या बाबांचं आहे.

कोपऱ्यावरचा किल्लीवाला तुला आठवत असेल, एक डोळा बारीक करून कानस चालवणारा. मी त्या बाजूने जात नव्हते. सायकल दुकान ओलांडावं लागतं. बालवाडीला मागच्या बोळाने जायचे. काल भिंगरी म्हणाली, "मला इकडून जायचंय," आणि मी तिच्या मागे गेले. किल्लीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्वेटरकडे, आणि कानस खाली ठेवली.

"वहिनी, दादांचा स्वेटर ना?"

"ओळखलात?"

"ओळखणार नाही? रोज सकाळी इथेच तर बटणं काढायचे. आधी बटणं, मग मला हाक. म्हणायचे, 'उकडून जीव जातो रे, पण बायको खूश असते.' संध्याकाळी परत येताना याच पायरीवर बसून पाचही लावायचे. एकदा एक विसरले तर अर्ध्या रस्त्यातून परत आले. म्हणाले, 'नीट बघ रे, सगळी लागलीत ना? ती तपासते.'"

तो हसत होता. मग त्याला वाटलं आपण नको ते बोललो. "वहिनी, राग नका मानू."

मी राग मानला नाही. इतकी वर्षं! त्यांच्या बटणांची काजंसुद्धा मीच केलेली, आणि ती इथे रोज उघडत होती हे मला कळलं नाही. हसावं की काय करावं. तपासते म्हणे. हो, तपासायचे मी.

मग लक्षात आलं. सायकल दुकान कोपऱ्याच्या अलीकडे आहे. त्या दिवशी पाचही बटणं लावलेली होती, कारण कोपरा आलाच नाही.

दोन वर्षं मी त्या पाच बटणांवर झोपले होते, ठकू. त्यांना थंडी लागली नाही म्हणून. त्यांना उकडत होतं. आणि ते चार दुकानं पुढे जाऊन मोकळे होणार होते.

डॉक्टर तेव्हाही म्हणाले होते, स्वेटरचा काही संबंध नाही. मला ते माहीत आहे. मी स्वतःला दोष देत बसलेली नाही. फक्त आज सकाळपासून घरात फिरते आहे. या खिडकीतून त्या खिडकीकडे, आणि कुठली उघडावी ते कळत नाही.

रविवारी ये. मी काही बोलणार नाही.

तुझी आई


१० डिसेंबर

प्रिय ठकू,

पोचलीस ना?

तू आलीस तेव्हा मी काय काय बोलायचं नाही त्याची मनात उजळणी करत होते, आणि तू दारातच म्हणालीस, "केवढी वाळलीस." आणि आत येऊन पहिल्यांदा बसलीस. झगा उलटा करून पाहिलास. शिवणीवरून बोट फिरवलंस, जिथे माझे टाके होते तिथे बारीक भोकं राहिली आहेत, ती उजेडात धरून बघितलीस. मला वाटलं, आता. पण तू भिंगरीला विचारलंस, "हे कोणी काढलं?" तिने सांगितलं, "मी ओढलं, आजीने कापलं. खूप होते." तू झगा सुलटा करून घडी घातलीस. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चमचे पुसले.

बाबांचं आणि किल्लीवाल्याचं तू मला परत सांगायला लावलंस. पत्रात वाचलेलं असूनही. "एक विसरले तर परत आले" हे ऐकताना तू हसलीस, आणि हसता हसता तुझा चेहरा लहानपणी पडायचा तसा पडला. मग तू म्हणालीस, "मीपण काढायचे. शाळेच्या फाटकामागे. आम्ही दोघं एकमेकांना सांगायचो, कोणी कुठे काढलं ते." मी म्हटलं, "म्हणजे सगळं घरच सामील होतं!" तू म्हणालीस, "तू सोडून." आणि आपण दोघी किती वेळ हसलो. भिंगरीला वाटलं काहीतरी बिघडलंय.

तू तिला विचारलं नाहीस. तू तिला सांगितलंस, "माझं शिक्षण संपेपर्यंत तू इथे राहायचंस. मी ठरवलंय." तिने एकदा मान हलवली आणि चित्र काढायला गेली. किती हलकी होऊन गेली ती, पाहिलंस ना? मी तुझे आभार मानत नाही. आईने लेकीचे आभार मानले तर दोघींनाही अवघडल्यासारखं होतं.

संध्याकाळी बसथांब्यावर तुझा गळा उघडा होता. वारा होता. हे मी नुसतं कळवते. मी दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले होते. भिंगरीने ते बघितलं आणि मागून माझी बोटं घट्ट पकडली, सुटू नयेत म्हणून. बस वळेपर्यंत धरून होती. मग म्हणाली, "जमलं तुला."

काल सोमवारी मी सकाळी उठले, दूध तापवलं, बॉबिन भरली, मास्तरांचे शर्ट काढून ठेवले. भिंगरीने खिडकीतून हात बाहेर काढला आणि मला जागा करून दिली. मीही काढला. ऊन होतं. तरी मी स्वेटर घातला, पाचही बटणं लावली, तिचा हात धरून सायकल दुकानावरून गेले आणि कोपऱ्यावर त्या पायरीवर बसून ती एकेक करून काढली.

तुझी आई